बरोबरीत सुटलेला डाव आणि हुकलेला विजय

इंदूरच्या रामबागेत एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण चेकर्स खेळायला जमतो. घड्याळ लावून, चाली कागदावर लिहून, स्पर्धेच्या नियमांनी खेळतो. डाव संपला की एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. हरलेला गडी पटासमोरून हलत नाही. शेवटच्या चार चाली मागे नेऊन तो त्या पुन्हा पुन्हा लावून बघतो आणि जिंकलेला त्याला समजुतीचे दोन शब्द सांगतो. ज्यांचा डाव बरोबरीत सुटला ते दोघे मात्र सोंगट्या डब्यात भरून पोहे-जिलेबीकडे वळतात, आणि त्यांच्या डावात पुन्हा कोणी डोकावत नाही. माझ्या मते तपासायला सर्वांत आधी हाच डाव घ्यायला हवा. हरवणारी चूक ठणकते, म्हणून ती लक्षात राहते. हुकलेला विजय ठणकत नाही, त्यामुळे तीच चूक माणूस वर्षानुवर्षे करत राहतो आणि आपला खेळ ‘बऱ्यापैकी भक्कम’ आहे असे समजून चालतो.

हे नीट कळण्यासाठी आधी खेळाची मांडणी थोडक्यात सांगतो. ज्याला इंग्लंडात ड्राफ्ट्स आणि अमेरिकेत चेकर्स म्हणतात तो हा खेळ बुद्धिबळाच्याच चौसष्ट घरांच्या पटावर, पण फक्त गडद घरांवर खेळला जातो. दोन्ही बाजूंना बारा-बारा सोंगट्या असतात आणि काळा आधी चालतो. सोंगटी एक घर तिरकी, पुढेच सरकते. समोरच्या सोंगटीच्या पलीकडचे घर मोकळे असेल तर तिच्यावरून उडी घेऊन तिला मारते, आणि पुढे आणखी मार मिळत असेल तर त्याच चालीत मारत जाते. शेवटच्या ओळीत पोचलेली सोंगटी राजा होते आणि तिला मागेही चालता येते. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की मार मिळत असेल तर मारावेच लागते. दोन मार मिळत असतील तर कोणता घ्यायचा एवढेच आपल्या हातात राहते. जमिनीवर कोळशाने रेघा ओढून गोट्यांचे खेळ खेळलेल्या पिढीला उडी मारून गोटी खाणे शिकवावे लागत नाही, पण घरगुती खेळात ‘मारायचे की नाही ते मी ठरवीन’ अशी जी मोकळीक असते ती इथे नसते. स्पर्धेतल्या बहुतेक चुका आणि बहुतेक हुकलेले विजय या एका सक्तीतूनच जन्माला येतात.

डाव लिहून ठेवण्यासाठी गडद घरांना १ ते ३२ असे आकडे दिलेले आहेत. पांढऱ्याच्या बाजूने पाहिले तर सर्वांत वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १, २, ३, ४ ही घरे येतात आणि आपल्या पुढ्यातल्या ओळीत २९ ते ३२. डावाच्या सुरुवातीला काळ्या सोंगट्या १ ते १२ वर आणि पांढऱ्या २१ ते ३२ वर असतात. ‘२२-१८’ म्हणजे २२ वरची सोंगटी १८ वर गेली. वाचकाने एका कागदावर हा पट काढून घ्यावा, कारण पुढचे दोन दाखले डोळ्यांसमोर पट असल्याशिवाय पचणार नाहीत.

आता ‘चूक’ म्हणजे काय ते ठरवायला हवे. रोजच्या बोलण्यात आपण सोंगटी गेली की चूक झाली म्हणतो, पण विश्लेषण करताना ही व्याख्या उपयोगाची नाही, कारण अनेकदा सोंगटी मुद्दाम दिली जाते. खरी व्याख्या अधिक कोरडी आहे. पटावरच्या कोणत्याही स्थितीची, दोन्ही बाजू इथून पुढे निर्दोष खेळल्या असे धरले, तर तीनच मूल्ये असू शकतात : पांढऱ्याचा विजय, काळ्याचा विजय किंवा बरोबरी. ज्या चालीने हे मूल्य आपल्या बाजूने खाली येते ती चूक. बरोबरीची स्थिती हरलेली झाली तर ती हरवणारी चूक, आणि जिंकलेली स्थिती बरोबरीची झाली तर तो हुकलेला विजय. जी चाल मूल्य बदलत नाही ती कितीही ओबडधोबड दिसली तरी या हिशेबात चूक नव्हे.

हे मूल्य नुसते तत्त्वज्ञान राहिलेले नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये चिनूक नावाचा चेकर्सचा प्रोग्राम लिहायला घेतला, आणि २००७ मध्ये त्याच गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकातून जाहीर केले की दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. या खेळात शक्य असलेल्या स्थितींची संख्या पाचावर वीस शून्ये इतकी आहे. त्या सगळ्या त्यांनी तपासल्या नाहीत, तशी गरजही नव्हती. पटावर दहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरलेल्या सुमारे ३९ लाख कोटी स्थितींचा मात्र अचूक निकाल त्यांनी काढून ठेवला. या संग्रहाला एंडगेम डेटाबेस म्हणतात. अशाच प्रकारचे संग्रह वापरणारे किंग्सरो आणि केक यांसारखे प्रोग्राम आज घरच्या संगणकावर चालतात. म्हणजे रामबागेच्या ओसरीवर सुटलेल्या डावाचा उत्तरार्ध दुपारी घरी बसून निर्विवादपणे तपासता येतो. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना एवढे सुख अजून मिळालेले नाही, हे जाता जाता नमूद करतो.

निर्दोष खेळाचा शेवट बरोबरीत होतो, यातून एक साधा निष्कर्ष निघतो. सुरुवातीच्या मांडणीपासून खेळलेला जो डाव कोणी जिंकला त्यात हरणाऱ्याची किमान एक चूक असलीच पाहिजे. उलट जो डाव बरोबरीत सुटला त्यात एकही चूक नसेल किंवा किमान दोन असतील, एकाची चूक आणि दुसऱ्याने ती वाया घालवणे. कागदावरच्या निकालात हे दोन प्रकार सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारचा डाव कौतुकाचा असतो, पण शिकण्यासारखे खूप काही असते ते दुसऱ्यात.

एक दाखला घेऊ. नवख्यांना शिकवण्यासाठी मी मांडतो ती ही स्थिती आहे. पांढऱ्या सोंगट्या २२, २५, २७, २९ आणि ३२ वर. काळ्या १, ३, ८, १४ आणि १५ वर. पाच-पाच सोंगट्या, राजा कोणाचाच नाही, चाल काळ्याची. काळा ८-१२ खेळतो. सोंगटी पटाच्या कडेला गेली, कडेवरच्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही, तेव्हा चाल सुरक्षित दिसते. पांढराही उत्तरादाखल तितकीच समंजस चाल करतो, २७-२४, म्हणजे १२ वरून येणाऱ्या सोंगटीच्या वाटेवर पहारा बसला. डाव पुढे वीसेक चालींनी बरोबरीत सुटतो आणि दोघेही हात मिळवतात.

आता पांढऱ्याच्या त्या चालीपाशी परत येऊ. २७-२४ ऐवजी त्याने २२-१८ खेळायला हवे होते. सोंगटी सरळ काळ्याच्या तोंडात जाते, आणि काळ्याला ती घ्यावीच लागते. त्याला दोन मार्ग आहेत. त्याने १५ वरच्या सोंगटीने मारले तर ती २२ वर उतरते; पांढरा २५ वरून तिला मारून १८ वर येतो आणि तिथून त्याच उडीत १४ वरची मारून ९ वर जातो. त्याने १४ वरच्या सोंगटीने मारले तर ती २३ वर उतरते. पांढरा २७ वरून तिला मारून १८ वर येतो आणि तिथून १५ वरची मारून ११ वर थांबतो. दोन्ही वाटांनी एकीच्या बदल्यात दोन. पाचास पाच होते तिथे चारास तीन होतात, आणि उडी मारून पुढे गेलेल्या सोंगटीला परत मारायला काळ्याकडे कोणी नाही.

एवढे दाखवले की ऐकणारा ‘अरेच्चा’ म्हणतो आणि उठायला बघतो, पण विश्लेषणाची खरी सुरुवात इथून होते. हा फटका बसला कशामुळे? पांढऱ्याच्या २९ आणि ३२ वरच्या दोन सोंगट्या पाहा. सगळ्या प्रकारात त्या जागच्या हललेल्याही नाहीत. पण २९ रिकामे असते तर २२ वर उतरलेली काळी सोंगटी तिथे थांबली नसती. ती २५ वरचीला मारून २९ वर जाऊन राजा झाली असती. ३२ रिकामे असते तर दुसऱ्या वाटेने तेच झाले असते. म्हणजे तीच चाल, २२-१८, मागची दोन घरे भरलेली असताना डाव फिरवणारी आणि त्यातले एक रिकामे असताना आत्मघातकी. मागच्या ओळीतल्या सोंगट्या शक्यतो हलवू नयेत असे नवख्यांना सांगतात, पण ते का सांगतात हे अशा स्थितीतच कळते.

आणि काळ्याची चूक कोणती? फटका बसला ती चाल नव्हे, कारण ती सक्तीची होती. चूक त्याआधीची, ८-१२ ही. ती सोंगटी ८ वर असती तर ११ वर आलेल्या पांढऱ्या सोंगटीला तिने लगेच मारून हिशेब दोनास दोन असा चुकता केला असता. काळ्याने १२ कडे पाहिले आणि ८ रिकामे होते आहे हे पाहिले नाही. प्रत्येक चालीत एक घर भरते आणि एक रिकामे होते. माणसाची नजर भरणाऱ्या घरावर असते आणि घात रिकाम्या होणाऱ्या घरात होतो. माझ्या स्वतःच्या वहीतल्या चुकांची गोळाबेरीज केली तर निम्म्याहून अधिक याच जातीच्या निघतात.

पांढऱ्याला ही चाल दिसली नाही, त्याचे कारण तो कमी हुशार होता हे नव्हे. चाली शोधताना आपण नकळत गाळणी लावतो आणि ज्या चालीत सोंगटी फुकट जाते ती विचारात यायच्या आधीच गळून पडते. म्हणून हुकलेल्या विजयांचा मोठा हिस्सा न शोधलेल्या चालींचा असतो. चुकीची गणना त्यामानाने थोडी असते. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो : आपल्या प्रत्येक चालीआधी, समोरच्याला मारायला लावणाऱ्या सगळ्या चाली एकदा मोजायच्या, त्या कितीही वेडगळ दिसोत. त्या सहसा दोन-तीनच असतात, आणि समोरच्याचे उत्तर सक्तीचे असल्यामुळे त्यांची गणना सोपी असते.

जिथे नुकसान दिसते तिथे चूक नसते, ही गोष्ट चेकर्समध्ये किती खोल जाऊ शकते याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. मॅरियन टिन्स्ली हे फ्लोरिडातले गणिताचे प्राध्यापक, या खेळाचे अनेक वर्षांचे जगज्जेते. १९५० पासून १९९५ मध्ये निधन होईपर्यंत ते हरलेले डाव दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके कमी. १९९० मध्ये चिनूकशी झालेल्या एका डावात चिनूकने दहावी चाल केली आणि टिन्स्लींनी तिथल्या तिथे, ही चाल तुम्हाला महागात पडेल अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या वेळी चिनूकच्या हिशेबाने डाव त्याच्याच बाजूला झुकलेला होता. पुढे सव्वीस चालींनंतर चिनूकच्या बाजूने डाव सोडला गेला. शेफर यांनी नंतर कसून तपासले तेव्हा दहावी चाल हीच घातक होती असे निघाले. नुसता शेवटचा भाग पाहणाऱ्याला ही चूक कधीच सापडली नसती. तो पंचविसाव्या-तिसाव्या चालीत काहीतरी शोधत बसला असता. आणि टिन्स्लीही माणूसच होते : १९९२ मध्ये लंडनमध्ये चिनूकशी झालेल्या सामन्यात त्यांनी चार डाव जिंकले, दोन गमावले आणि तेहतीस बरोबरीत सुटले.

म्हणून डाव तपासताना तो शेवटाकडून मागे न्यावा. पटावर आठ-दहा सोंगट्या उरलेल्या असतात तिथून डेटाबेसचा निकाल अचूक असतो. शेवटच्या स्थितीपासून एकेक चाल मागे जात राहायचे आणि निकाल जिथे बदलतो तिथे थांबायचे. समजा अठ्ठेचाळिसाव्या चालीनंतर ‘बरोबरी’ आणि सत्तेचाळिसाव्या चालीनंतर ‘पांढऱ्याचा विजय’ असे दिसले, तर पांढऱ्याने अठ्ठेचाळिसाव्या चालीत विजय घालवला. इथे बरेच जण समाधान मानून संगणक बंद करतात. तसे करू नये. आणखी मागे गेले की कधीकधी तोच विजय आधी दोनदा हातात येऊन निसटलेला आढळतो, दोघेही आळीपाळीने एकमेकांना जीवदान देत आलेले असतात.

उत्तरार्धातल्या हुकलेल्या विजयांचे सर्वांत सामान्य कारण फटका न दिसणे हे नसते. ते असते चालीचा ताबा न ओळखणे. हा विषय अवघड समजला जातो, पण दोन सोंगट्यांवर तो स्वच्छ दिसतो. पटावर पांढरी एक सोंगटी २३ वर आणि काळी एक ७ वर, बाकी पट रिकामा. पांढऱ्याची पाळी आहे. तो १८ वर गेला तर काळा १० वर येऊन समोर उभा राहतो. आता पांढऱ्याला १४ किंवा १५ वरच जाता येते आणि दोन्हीकडे काळा त्याला मारतो. तो १९ वर गेला तर काळा ११ वर येतो आणि पुन्हा तेच. म्हणजे पांढरा हरला. आता स्थिती तीच ठेवा आणि पाळी काळ्याला द्या. तो १० वर आला तर पांढरा १८ वर, तो ११ वर आला तर पांढरा १९ वर, आणि पुढच्या चालीत काळा मरतो. एकच स्थिती, पण जो आधी चालेल तो हरतो. समोरच्याला नको असताना चालायला लावण्याची ही जी सत्ता, तिला मी चालीचा ताबा म्हणतो.

तो कोणाकडे आहे हे मोजून काढता येते. दोन्हीकडे सोंगट्यांची संख्या सारखी आहे आणि पाळी पांढऱ्याची आहे असे धरा. पांढऱ्याच्या पुढ्यातल्या २९, ३०, ३१ आणि ३२ या घरांपासून सरळ वर जाणारे चार उभे स्तंभ घ्या. उदाहरणार्थ ३१ चा स्तंभ म्हणजे ३१, २३, १५ आणि ७. या चार स्तंभांत दोन्ही रंगांच्या मिळून किती सोंगट्या आहेत ते मोजा. संख्या विषम आली तर ताबा चालणाऱ्याकडे, सम आली तर समोरच्याकडे. पाळी काळ्याची असेल तर त्याच्या कडेच्या १, २, ३, ४ या घरांपासून निघणारे स्तंभ मोजायचे. वरच्या दाखल्यात २३ आणि ७ दोन्ही ३१ च्याच स्तंभात आहेत; दोन म्हणजे सम, म्हणून चालणारा पांढरा अडकला. काळ्याच्या स्तंभांत एकही सोंगटी नाही, शून्यही समच, म्हणून चालणारा काळाही अडकतो.

एकास एक अशी सोंगट्यांची अदलाबदल झाली की हा ताबा बहुतेक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. जिंकत असलेला खेळाडू, सोंगट्या कमी झाल्या की डाव सोपा होईल या समजुतीने सरसकट अदलाबदल करतो आणि आपल्याच हाताने ताबा समोरच्याला देऊन बसतो. तपासणीत ही जागा ओळखणे सोपे आहे : निकाल ज्या चालीत बदलला ती अदलाबदलीची चाल असेल तर आधी स्तंभ मोजावेत, बाकीचा विचार नंतर.

आता संगणकाबद्दल. डेटाबेसच्या हद्दीबाहेर, म्हणजे पटावर बऱ्याच सोंगट्या असताना, प्रोग्राम जो आकडा दाखवतो तो निकाल नसतो, ते त्याचे मत असते. एका बाजूला थोडासा वरचा आकडा आला म्हणून लगेच ‘इथे मी जिंकत होतो’ असे म्हणणे म्हणजे हवामानाचा अंदाज ऐकून पिकाची विक्री करण्यासारखे आहे. शिवाय प्रोग्रामचे काम उत्तर देणे. प्रश्न आपलाच असतो. त्याला विचारण्याआधी स्वतःचे मत कागदावर लिहून ठेवले नसेल तर त्याचे उत्तर वाचून ‘हो, हे मला दिसलेच होते’ असे वाटायला लागते. मी हे स्वतःवर इतक्या वेळा पाहिले आहे की आता आधी पेनाने लिहिल्याशिवाय संगणकाला हात लावत नाही.

याहून मोठी फजिती मी एकदा करून घेतली. आमच्याकडे येणाऱ्या एका वयस्कर काकांचा बरोबरीत सुटलेला डाव मी घरी नेऊन तपासला आणि पुढच्या रविवारी चारचौघांत सांगितले, की काका, एकतिसाव्या चालीला तुमच्या हातात विजय होता. त्यांनी शांतपणे पट मांडला, मी सांगितलेली चाल लावली, आणि म्हणाले, “अहो, ही सोंगटी मागे उडी मारते आहे. राजा कधी झाली ती?” मी प्रोग्राममध्ये नियम बदलायला विसरलो होतो, तो रशियन पद्धतीने हिशेब करत होता. चेकर्सची भावंडे पुष्कळ आहेत. रशियन प्रकार चौसष्ट घरांवरच खेळतात, पण त्यात साधी सोंगटीही मागे मारते आणि राजा लांबवर धावतो. आंतरराष्ट्रीय प्रकारात पट दहा बाय दहाचा असतो, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या असतात आणि ज्या वाटेने जास्तीत जास्त सोंगट्या मिळतात तीच वाट घ्यावी लागते. निकालही उलटतात. आपल्या प्रकारात दोन राजे एका राजाला कोपऱ्यातूनही बाहेर काढून हरवतात. रशियन प्रकारात एकट्या राजाने पटाचा लांब कर्ण धरून ठेवला तर समोर तीन राजे असूनही डाव बरोबरीत सुटतो. तेव्हा हुकलेला विजय जाहीर करण्याआधी कोणत्या नियमांनी हुकला ते बघावे. काकांनी त्यानंतर मला बरेच रविवार ‘रशियावाले’ म्हणून हाक मारली.

दुसरा एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : निकाल न बदलणारी चाल चूक नाही, हे मान्य, पण मग सगळ्या बरोबर चाली सारख्याच चांगल्या का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. एका चालीनंतर समोरच्याला बरोबरी राखायला एकच अचूक उत्तर असते आणि दुसऱ्या चालीनंतर सहा उत्तरे चालतात. डेटाबेसच्या लेखी दोन्ही चाली ‘बरोबरी’ असतात, पण स्पर्धेत गुण पहिलीतून येतात. समोरच्याला अवघड वाटेवर नेण्याची संधी सोडली तर तो हुकलेला विजय म्हणता येणार नाही, पण वहीत त्याची नोंद ठेवायला हरकत नाही. मी अशा जागेपुढे फक्त ‘सोपे सोडले’ एवढे लिहितो.

सुरुवातीच्या चालींचाही विचार इथे येतो. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत डाव मनाप्रमाणे सुरू करता येत नाही. पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरतात, आणि त्याच सुरुवातीवर बाजू बदलून दोन डाव खेळले जातात. ही पद्धत येण्याचे कारण असे, की निष्णात खेळाडू त्याच त्या सुरक्षित सुरुवाती करून बरोबरींच्या राशी रचत असत. चिठ्ठीत येऊ शकणाऱ्या सुरुवाती दीडशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या काही एका बाजूला फार जड जातात. त्या जड बाजूने मिळवलेली बरोबरी आणि सोप्या बाजूने पत्करलेली बरोबरी एका मापाने मोजता येत नाही. म्हणून तपासणीच्या कागदावर निकालाच्या आधी सुरुवात लिहिली पाहिजे.

आमच्या रविवारच्या मंडळींसाठी मी जी वही ठेवली आहे तिची पद्धत सांगतो. एका डावासाठी एक पान. वर सुरुवात, बाजू, निकाल. त्याखाली, संगणक न लावता, दोन्ही खेळाडूंनी आपल्याला डाव कुठे बदलल्यासारखा वाटला ती चाल लिहायची. दोघांचे आकडे क्वचितच जुळतात आणि तेवढ्यावरच अर्धा तास चर्चा रंगते. मग मी घरी प्रोग्रामकडून खरी जागा काढून आणतो आणि शेजारी लाल पेनाने लिहितो. त्यापुढे कारण, शक्य तितके थोडक्यात : घर रिकामे झाले, फटका शोधलाच नाही, ताबा मोजला नाही, घाईने मारले, दोन मारांतला चुकीचा निवडला, किंवा बरोबरी लवकर कबूल केली.

हे शेवटचे कारण वाटते त्याहून जास्त वेळा लिहावे लागते. सोंगट्या सारख्या, राजे सारखे, पोहे निवत आलेले. एक जण हात पुढे करतो आणि दुसरा तो घेतो. घरी येऊन ती शेवटची स्थिती टाकली की प्रोग्राम शांतपणे एका बाजूचा विजय दाखवतो. गेल्या महिन्यात असेच एक पान निघाले. हात पुढे करणारा खेळाडूच जिंकत होता. मी ती स्थिती कागदावर काढून त्याला दिली, चाल सांगितली नाही. तो पुढच्या रविवारी आला तेव्हा कागद चुरगळून मऊ झालेला होता. त्याच्या एका कोपऱ्यात त्याने स्तंभ मोजल्याच्या उभ्या रेघा होत्या, आणि खाली एकच चाल लिहिलेली, ती बरोबर होती.